खेळाचे नियम आले कुठून?

डोंबिवलीहून सकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या धिम्या लोकलमध्ये आम्ही चार-पाच शिक्षक रोज एकाच डब्यात असतो. त्यातले एक सर कबड्डीचे पंच, दुसरे शाळेच्या क्रिकेट संघाचे मार्गदर्शक. दिवा येईपर्यंत दोघांचे जुंपले नाही असा दिवस विरळा. परवा कबड्डीवाल्या सरांनी विचारले, "तुमच्या षटकात सहाच चेंडू का हो? पाच का नाहीत?" क्रिकेटवाल्या सरांनी लगेच उलट टाकली, "आणि तुमची चढाई तीसच सेकंदांची का? एकतीस सेकंद झाले तर काय आभाळ कोसळेल?" मुंब्रा गेले, कळवा गेले, तरी उत्तर कोणाकडेच नव्हते. मग दोघांनी आमच्याकडे, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. "तुम्ही सांगा, नियमांना काही शास्त्र आहे की नाही?"

प्रश्न वाटतो तितका थिल्लर नाही. आपण वर्गात 'नियम' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. न्यूटनचा नियम आणि कबड्डीचा नियम. वरून सोडलेला दगड खाली पडायला कोणाची परवानगी लागत नाही. चेंडू सीमेपार गेला की चार धावा मिळतात, त्या मात्र माणसांनी तसे ठरवले म्हणून. मग माणसांनी तेच का ठरवले? याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, इतिहासात मिळते. तोच इतिहास येथे थोडा चाळून पाहू.

साखळी, सज्जा आणि राजवाडा

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. हा आकडा कुठून आला? इंग्लंडमध्ये एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्डांची साखळी प्रचारात आणली. १७४४ सालच्या क्रिकेटच्या लेखी नियमांत दोन यष्ट्यांमधले अंतर तेवढेच, एक साखळी, आहे. शेतात खेळणाऱ्यांच्या हाताशी जे माप होते तेच खेळात आले.

आपल्याकडचा 'गुंठा' त्याच घराण्यातला आहे. एका एकराचे ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजू असलेला चौरस. ३३ फूट म्हणजे बरोबर अर्धी साखळी, अर्धी खेळपट्टी! कल्याण-डोंबिवलीत गुंठ्यांचे व्यवहार माहीत नाहीत असे घर सापडणे कठीण. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे : खेळपट्टीच्या लांबीएवढी बाजू असलेल्या चौरसात किती गुंठे बसतील? (उत्तर चार.)

षटकाची गोष्ट आणखी गमतीची. सुरुवातीला षटक चार चेंडूंचे होते. इंग्लंडमध्ये १८८९ साली ते पाचाचे झाले आणि १९०० साली सहाचे. ऑस्ट्रेलियात तर १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक चालत असे. 'षटक' हा आपला मराठी शब्द त्या काळी तिथे लागू पडला नसता.

बास्केटबॉलची टोपली जमिनीपासून दहा फूट उंच असते. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून हा खेळ तयार केला. पीच फळांच्या दोन टोपल्या त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, एवढेच कारण. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतरही तसेच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले. १९२१ साली तेच अधिकृत झाले आणि आज जगभरचे धावपटू त्या शेवटच्या ३८५ यार्डांसाठी घाम गाळतात.

इथपर्यंत कबड्डीवाल्या सरांचे म्हणणे खरे ठरते. आकडे योगायोगाने आले. पण सगळेच नियम असे आलेले नाहीत.

तक्रारीतून आलेले नियम

१७७१ साली इंग्लंडमध्ये चर्टसी आणि हॅम्बल्डन यांच्या सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. नियमात बॅटच्या रुंदीविषयी काहीच नव्हते, त्यामुळे तो नियमाबाहेर गेला असे म्हणता येईना. पण खेळात अर्थ उरला नाही हे सर्वांना दिसत होते. त्यातून सव्वाचार इंचांची मर्यादा आली आणि ती आजही आहे. पुढे १७७५ साली स्टीव्हन्स या गोलंदाजाचे चेंडू स्मॉल या फलंदाजाला चकवून तीन वेळा दोन यष्ट्यांच्या मधून निघून गेले. यष्ट्या तेव्हा दोनच असत. चेंडू अचूक, तरी फलंदाज नाबाद! तिसरी, मधली यष्टी आली ती या अन्यायाची भरपाई म्हणून.

सव्वाचारच इंच का, याला उत्तर नाही. काही तरी मर्यादा हवी का, याला मात्र पक्के उत्तर आहे. आकडा मनाचा असू शकतो, पण त्यामागची गरज मनाची नसते.

दम आणि घड्याळ

आता कबड्डीकडे येऊ. महाराष्ट्रात हा खेळ हुतुतू या नावाने गावोगाव चाले आणि प्रत्येक गावाचे नियम वेगळे असत. त्याचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई.

तिन्ही नियम तितकेच मनाचे. पण परिणाम पाहा. गामिनीत एखादा उत्तम गडी पहिल्याच मिनिटाला बाद झाला तर तो बराच काळ बाहेर, आणि त्याचा खेळ पाहायला आलेले लोक हिरमुसले. अमरमध्ये बाद होण्याचे भयच नाही. संजीवनीत भयही आहे आणि आशाही आहे. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदर्शनी सामने झाले आणि १९९० च्या बीजिंग एशियाडपासून कबड्डी पदकांचा खेळ झाला. या प्रवासात टिकली ती संजीवनी पद्धत.

चढाईची मर्यादा मुळात घड्याळाची नव्हतीच, ती दमाची होती. एका श्वासात जेवढा वेळ 'हुतुतू' म्हणता येईल तेवढा वेळ. ही मर्यादा मनमानी म्हणता येणार नाही, कारण ती फुप्फुसांनी घातलेली होती. पण तिच्यात एक अडचण होती. गड्याने मध्येच चोरून श्वास घेतला की नाही हे गर्दीच्या गोंगाटात पंचाला कसे कळावे? दमाचा नियम आजही आहे, पण त्याच्या जोडीला तीस सेकंदांचे घड्याळ आले. घड्याळ सर्वांना सारखे दिसते. नैसर्गिक माप जाऊन कृत्रिम माप आले, आणि खेळ अधिक न्याय्य झाला. वित, हात ही मापे सोडून आपण मीटरकडे का आलो हे शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

घड्याळाचा असाच उपाय अमेरिकन बास्केटबॉलने केला. २२ नोव्हेंबर १९५० रोजी एका व्यावसायिक सामन्यात फोर्ट वेनने मिनिआपोलिसला १९-१८ असे हरवले. आघाडी घ्यायची आणि चेंडू धरून बसायचे, असा तो कंटाळवाणा प्रकार. डॅनी बियासोन या संघमालकाने हिशेब केला : चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा टोपलीकडे चेंडू फेकतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा, भागाकार २४. १९५४ साली २४ सेकंदांचा नियम आला. हा आकडा मात्र योगायोगाचा नाही, मोजून काढलेला आहे.

न ठरवता झालेला प्रयोग

फुटबॉलच्या इतिहासात तर एक नमुनेदार प्रयोग दडलेला आहे. १९२५ सालापर्यंत ऑफसाइड ठरू नये म्हणून पुढच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी 'तीन'च्या जागी 'दोन' झाले. इंग्लिश लीगमध्ये १९२४-२५ च्या हंगामात १८४८ सामन्यांत ४७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत ६३७३ झाले, म्हणजे एक-तृतीयांशाहून जास्त वाढ. स्पर्धा तीच, सामने तितकेच, बदलला फक्त एक आकडा. विद्यार्थ्यांना 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हे तत्त्व समजावताना याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

कल्याणचे १००९

आता आपल्या घरची गोष्ट. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या मैदानावर आंतरशालेय भंडारी चषक सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षांनी मोडला. संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले.

साऱ्या देशाने कौतुक केले आणि लगोलग वादही सुरू झाला. मैदानाची एक बाजू आखूड होती, समोरच्या संघात बरीच मुले वयाने लहान होती, असे वृत्तांतांत आले. त्या खेळीत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. म्हणजे ८७० धावा सीमेपार गेलेल्या चेंडूंच्या, पळून काढलेल्या फक्त १३९. सीमारेषा कुठे आखायची या प्रश्नाचे महत्त्व यावरून कळावे. गंमत अशी, की कॉलिन्सच्या मैदानाची कथाही तशीच होती. एका बाजूला उतार जवळ. तिकडे चेंडू गेला की ठरीव दोन धावा, दुसऱ्या बाजूला मात्र सगळ्या धावा पळून काढायच्या.

विक्रम नियमात बसणारा होता, यात शंका नाही. दोन दिवस टिकून एवढे फटके मारायला लागणारी ताकद आणि एकाग्रता कोणत्याही सीमारेषेने कमी होत नाही. पण त्या दोन दिवसांत चेंडूमागे धावणारी मुलेही आपलीच होती. त्यांच्यासाठी कोणता नियम होता? कुस्तीत गादीवर दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइल लढत तिथेच थांबवतात. सॉफ्टबॉलमध्येही फार मोठी आघाडी झाल्यास सामना आवरण्याची सोय असते. क्रिकेटने ती गोष्ट कर्णधाराच्या मर्जीवर सोडली आहे, आणि शालेय क्रिकेटमध्ये कर्णधार म्हणजे बहुधा बाकावर बसलेले आपणच.

इथे आमच्या डब्यातला वाद थांबला नाही, उलट पेटला. क्रिकेटवाले सर म्हणाले, "नियम आधी ठाऊक होते. मग तक्रार कसली?" पण आधी ठाऊक असणे पुरेसे असते का? १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना २४१-२४१ असा बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही १५-१५ अशी बरोबरीत गेली, आणि इंग्लंडचे चौकार-षटकार २६, न्यूझीलंडचे १७, म्हणून इंग्लंड विजयी ठरले. तो नियमही सर्वांना आधीच ठाऊक होता. तरी लोकांना तो पटला नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. आधी सांगणे ही नियमाची पहिली अट झाली. पटणे ही दुसरी.

गोट्या आणि एक टप्पा आऊट

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांना गोट्या खेळताना पाहून याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९३२ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात. गंमत म्हणजे तीच मुले खेळताना ते सर्रास मोडतात. दहा-अकरा वर्षांच्या पुढे मात्र मुलांना कळते, की नियम आपण सर्वांनी मान्य केले म्हणून आहेत आणि सर्वांच्या संमतीने बदलता येतात. आणि ज्या वयात हे कळते, त्या वयात ती नियम जास्त काटेकोरपणे पाळतात.

याचा पुरावा ठाण्या-डोंबिवलीच्या कोणत्याही सोसायटीच्या आवारात संध्याकाळी मिळेल. 'एक टप्पा, एक हात आऊट', 'भिंतीपलीकडे गेला तर आऊट आणि ज्याने मारला त्यानेच आणायचा', 'तळमजल्याच्या खिडकीला लागला तर आऊट', 'फक्त अंडरआर्म'. प्रत्येक नियमामागे एक अरुंद जागा, एक फुटलेली काच किंवा एक चिडलेले आजोबा आहेत. हे नियम कोणत्याही पुस्तकात नाहीत, पण त्यांचा इतिहास त्या तिसऱ्या यष्टीसारखाच आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. खेळाच्या एका तासाला मुलांकडून ओळखीच्या खेळातला एकच नियम बदलून घ्यावा. कबड्डी आधी संजीवनीने, मग गामिनीने, मग अमर पद्धतीने खेळावी. प्रत्येक वेळी किती गुण झाले, कोणता गडी किती मिनिटे आत होता, हे दोन मुलांनी वहीत टिपावे. शेवटी सर्वांना विचारावे : कोणता प्रकार आवडला आणि का? लवकर बाद होणाऱ्या मुलांचे उत्तर चांगल्या चढाईपटूंच्या उत्तराहून वेगळे येण्याचा संभव आहे. ते आधी ऐकून घ्यावे.

आमच्या डब्यातले दोघे सर अजून भांडतात. फक्त आता 'सहाच का' असे न विचारता 'सहाने कोणाचे भले होते' असे विचारतात, त्यामुळे ठाणे थोडे लवकर येते.