पैसे देऊनही जाहिरात नाकारली गेली, तेव्हा...

आमचं सापगाव भातसा नदीकाठचं. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं याच शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रं रोज छापतात, की धरणांत मुंबईला पुरेल असं किती दिवसांचं पाणी उरलं. त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत असतात. त्यांची बातमी कधीतरी, आतल्या पानावर. छापलेलं खोटं नसतं. पण ते कोणासाठी छापलं जातं?

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊ केले तरी छापली नाही. 'केसरी' इंग्रज सरकारपुढे झुकत नव्हता, हे खरं. टिळकांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. म्हणजे सरकारपासून स्वतंत्र असलेलं पत्रही जातीपासून स्वतंत्र असतंच असं नाही. मूकनायकच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिलं, की बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, इतरांची पर्वा करत नाहीत.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं म्हणून आपल्या माणसांवर हल्ला झाला. दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. महाडची बाजू मांडायला आता आपलं पत्र होतं.

पण आपलं पत्र चालवणं सोपं नव्हतं. मूकनायकला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी ते १९२३ मध्ये बंद पडलं. 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्यानं भरावे लागले. तेही १९२९ मध्ये थांबलं. वर्गणीदार कमी होते आणि जाहिरातदार पाठ फिरवत होते. तरी बाबासाहेब थांबले नाहीत. १९३० मध्ये 'जनता' काढलं, १९५६ मध्ये त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं.

म्हणून मित्रांनो, 'गोदी मीडिया' म्हणून नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. जयंतीच्या डीजेवर हजारो उधळणारे आपण आपल्या पत्राची वर्षाची वर्गणी भरतो का? आपल्या पाड्यावर टँकर किती दिवसांनी आला, हे तारखेसह लिहून ठेवतो का? बातमी आपण लिहिली नाही, तर आपलं पाणी कायम मुंबईच्याच हिशोबात मोजलं जाईल.

जय भीम!