लम्पी चर्मरोगातील प्रतिकार आणि ऑक्सिडीकारक ताण

लम्पी चर्मरोग हा गोवंशाला, आणि त्यामानाने कमी म्हशींना, होणारा विषाणुजन्य रोग आहे. त्याचा विषाणू मेंढ्या-शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंचा सख्खा भाऊबंद असून तिघांचाही वंश कॅप्रिपॉक्स हाच. १९२९ मध्ये उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झांबिया) या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला, आणि २०२२ मध्ये गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड त्याचा प्रसार करतात. माणसाला तो होत नाही.

त्वचेत शिरलेला विषाणू भक्षकपेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत वाढतो. विषाणू ओळखताच शरीर इंटरफेरॉन व दाहकारक सायटोकाइन सोडते. जनावराला ताप येतो आणि लसिकाग्रंथी सुजतात. पण हा विषाणू तयारीनिशी येतो. त्याच्या जनुकसंचात इंटरल्यूकिन-१० सारख्या, दाह शमवणाऱ्या प्रथिनाची नक्कल आहे, त्यामुळे पहिला प्रतिकार बोथट होतो. पुढे रोग आटोक्यात आणण्यात टी-लसिकापेशींचा वाटा मोठा असतो. म्हणूनच लस टोचलेल्या काही जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडे जेमतेम सापडतात, तरी ती जनावरे सुरक्षित असतात. नुसत्या प्रतिपिंड-चाचणीवरून लस ‘लागली नाही’ असे ठरवणे चुकीचे आहे.

ऑक्सिडीकारक ताण याच लढाईत उपजतो. उत्तेजित न्यूट्रोफिल व भक्षकपेशी सुपरऑक्साइड तयार करतात. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि न्यूट्रोफिलांत हायपोक्लोरस आम्ल बनते. ही शस्त्रे आपला-परका पाहत नाहीत. पेशीपटलातील मेदाम्लांचे ऑक्सिडीभवन होऊन मालनडायअल्डिहाइड रक्तात वाढते, तर सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटालेज व ग्लुटाथायोन ही बचावयंत्रणा खर्ची पडते. जस्त व तांबे हे सुपरऑक्साइड डिस्म्यूटेजचे, तर सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक असल्याने आहारात त्यांची उणीव असलेले जनावर लवकर खचते. आधीच दाहाने सुजलेल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि त्वचेवर उठलेल्या गाठीचा मधला भाग मरून खपली पडते. त्या जखमेत जिवाणू शिरले की हानी दुणावते.

मालनडायअल्डिहाइड वाढले म्हणजे लम्पीच, असे मात्र नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईत, कडक उन्हात किंवा कासदाहातही ते वाढते. निदान पीसीआर चाचणीनेच पक्के होते.

विषाणूवर थेट औषध नाही. ताप-दाह कमी करणे, जखमांची निगा आणि दुय्यम जिवाणूसंसर्गावर प्रतिजैविके हेच उपचार. जीवनसत्त्व ई, सेलेनियम, जस्त यांचा आधार देता येतो, पण टॉनिकच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नये. सेलेनियमची उपयुक्त व विषारी मात्रा यांत अंतर थोडेच असते, म्हणून ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. खरा भरवसा लसीचा. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रात शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. विषाणूंच्या नात्यामुळे ती उपयोगी पडते. त्याच वर्षी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र व इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’ ही लम्पीच्याच विषाणूपासून बनवलेली क्षीणित लस तयार केल्याचे जाहीर केले. लसवलेल्या किंवा रोगातून उठलेल्या गाईच्या वासराला चिकातून मिळालेली प्रतिपिंडे काही महिने पुरतात.