ऊर्ध्वाकाशाची झडती

३ सप्टेंबर १९४९ रोजी जपानहून अलास्काकडे गेलेल्या एका अमेरिकी हवामान-विमानातील गाळणकागदापाशी गायगर गणक धरला असता त्याची टिकटिक नेहमीहून वाढलेली आढळली, आणि पाच दिवसांपूर्वी सोव्हिएत रशियाने गुप्तपणे उडविलेल्या पहिल्या अणुबाँबचा सुगावा लागला तो त्या कागदावर चिकटलेल्या धुळीवरून. पुढील दहा वर्षांत अशाच कागदांना याहून कितीतरी गंभीर प्रश्नावर साक्ष द्यावी लागली.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिकमधील बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या सुमारे १५ मेगाटन शक्तीच्या अणुस्फोटाची राख जपानी कोळ्यांच्या नौकेवर पडली, तेव्हा सारे जग हादरले; अणुचाचण्या स्थगित कराव्यात अशी मागणी पंडित नेहरूंनी त्यानंतर सुमारे महिन्याभराने संसदेत केली. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या त्या राखेपेक्षा, ढगांच्याही वर, जेथे पाऊस पोचत नाही अशा स्थितांबरात जाऊन बसलेली सूक्ष्म धूळ अधिक चिंतेची होती. तिच्यातील स्ट्राँशियम-९० हे द्रव्य गुणधर्माने कॅल्शियमच्या जातकुळीचे असल्याने गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून वाढत्या मुलांच्या हाडांत शिरते, आणि ते निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे सदस्य विलर्ड लिबी यांचा अंदाज असा, की ही धूळ वर पाच ते दहा वर्षे मुक्काम करील आणि पुढे साऱ्या पृथ्वीवर सारखी वाटली जाऊन हळूहळू उतरेल. हवामानशास्त्रज्ञ लेस्टर माख्टा यांना ही समान वाटणी मान्य नव्हती. दोघांच्याही हाती तोवर भूपृष्ठावर गोळा केलेले नमुने आणि अनुमान एवढेच होते; मुलांच्या अन्नाविषयीचे आश्वासन इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर द्यावे, हे मला आजही अस्वस्थ करते.

मग आकाशाचीच झडती घेण्याचे ठरले. १९५६च्या अखेरीपासून मिनियापोलिस, टेक्सास, पनामा व ब्राझील येथून प्लास्टिकचे प्रचंड फुगे १५ ते २७ किलोमीटर उंचीपर्यंत सोडण्यात आले; १९५७पासून यू-२ विमाने सुमारे २० किलोमीटरांवरून उत्तर-दक्षिण फेऱ्या मारू लागली. कापसाच्या तंतूंचा, तेलकट द्रव्यात भिजविलेला कागद विमानाच्या झडपेत बसवीत. विमानाच्या वेगानेच हवा त्यातून घुसे आणि धूळ मागे राही. खाली आल्यावर तो कागद जाळून त्याची राख आम्लात विरघळवीत, रासायनिक क्रियांनी स्ट्राँशियम वेगळे काढीत, आणि मग सुमारे दोन आठवडे केवळ थांबत. कारण स्ट्राँशियमपासून निपजणारे इट्रियम पुरेसे साठल्यावरच मोजणी भरवशाची होई. अण्वस्त्रांच्या त्या उतावळ्या काळात एवढा धीर धरून बसलेली ती माणसे मला फार आदरणीय वाटतात.

१९५८च्या पॅसिफिकमधील काही स्फोटांतून टंगस्टन-१८५ हे नैसर्गिकरीत्या न आढळणारे द्रव्य वर गेले होते. कोणत्या स्फोटांची धूळ कोठवर पोचली, याची ती जणू मोहोरच ठरली. विषुववृत्तावरून ध्रुवांकडे होणारा तिचा संथ प्रवास कागदांवर उमटत गेला. १९५९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या मोजणीवरून उघड झाले, की निम्मा साठा उतरण्यास सुमारे दोनच वर्षे पुरतात. ध्रुवांजवळच्या स्फोटांची धूळ तर त्याहूनही लवकर खाली येते. शिवाय ती सर्वत्र सारखी पडत नाही: हिवाळा सरताना आणि वसंतात, मध्य अक्षांशांवर, म्हणजे उत्तर गोलार्धात दाट वस्तीच्या आणि दूधदुभत्याच्या प्रदेशांवर, तिचा मोठा हिस्सा उतरतो. माख्टा यांचा आक्षेप खरा ठरला.

१९६१ व १९६२ साली पुन्हा प्रचंड स्फोट झाले. त्यांतील एकाच सोव्हिएत बाँबची शक्ती सुमारे ५० मेगाटन होती. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत वातावरणातील चाचण्या थांबविण्याच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या खऱ्या. परंतु त्याआधीच्या वसंतात उत्तर गोलार्धातील पावसाने स्ट्राँशियम-९० कुरणांवर उतरविले होते, आणि त्या वर्षी खाली उतरलेली त्याची मात्रा साऱ्या मोजणीत सर्वाधिक भरली.