रावबहादुर बोले यांचे दोन ठराव

रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात एक ठराव मांडला व तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या लोकांस करू द्यावा, अशी ती शिफारस होती. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तशी आज्ञा केली. १९२४ साली महाडच्या म्युनिसिपालिटीने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठरावही केला. पण कागदाने का कोणाची तहान भागते? तळ्याकडे जाण्यास कोणी धजेना.

बोले यांची खरी योग्यता येथे दिसते. १९२६ च्या ऑगस्टात त्यांनी दुसरा ठराव आणला. जी म्युनिसिपालिटी वा लोकलबोर्ड हा नियम पाळणार नाही, तिची सरकारी ग्रँट बंद करावी! ग्रँटीच्या वाटेकडे डोळे लावून ज्यांनी शाळा चालविल्या, त्यांस या उपायाचे मर्म सांगावयास नको.

१९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या गौरवसभेचे अध्यक्ष हेच बोले होते. त्या आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी म्युनिसिपालिटीने आपला ठराव फिरविला. तारीख होती नेमकी ४ ऑगस्ट. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. हायकोर्टाचा अनुकूल निकाल १९३७ च्या मार्चात लागला, तेव्हा बोल्यांच्या पहिल्या ठरावास साडेतेरा वर्षे होऊन गेली होती.