फाइल प्रेषण, आज्ञाद्वारा
एका संगणकात साठविलेल्या फाइलीची प्रत कळफलकावर टंकित केलेल्या आज्ञेच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावर नेण्याच्या क्रियेस आज्ञाद्वारा फाइल प्रेषण म्हणतात. अशा आज्ञेत सामान्यतः तीन गोष्टी येतात : करावयाच्या क्रियेचे नाव, मूळ फाइलीचे स्थान व प्रत जेथे ठेवावयाची ते स्थान. आज्ञेची ही मांडणी गेल्या सु. चार दशकांत फारशी बदललेली नाही. परंतु दूरच्या संगणकावर, त्याच्या वापरकर्त्यावर आणि मधल्या तारेवर किती विश्वास ठेवावयाचा, या प्रश्नाची उत्तरे मात्र वारंवार बदलली. फाइल प्रेषणाचा इतिहास हा मुख्यतः या बदलत्या उत्तरांचा इतिहास होय.

प्रारंभ : संगणक एकमेकांस जोडले जाण्यापूर्वी माहिती छिद्रित पत्रे किंवा चुंबकीय फिती यांवर उतरवून हातोहात किंवा टपालाने नेली जाई. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने उभारलेल्या आर्पानेट या जालातील पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ व स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या दरम्यान पाठविण्यात आला व त्या वर्षअखेर जालाची चार केंद्रे झाली. या चार केंद्रांतील संगणक भिन्न बनावटीचे होते. त्यांच्या शब्दांची लांबी २४, ३२ व ३६ बिट अशी वेगवेगळी होती आणि अक्षरे दर्शविण्याचे संकेतही समान नव्हते. त्यामुळे फाइलीतील बिट जसेच्या तसे पोहोचले, तरी पलीकडील संगणकास त्यांचा अर्थ लागेलच असे नव्हते.

या अडचणीवर पहिला पद्धतशीर उपाय भारतीय अभियंते अभय भूषण यांनी सुचविला. कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर असलेले भूषण त्यावेळी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करीत होते. फाइल प्रेषणाच्या प्रोटोकॉलचा, म्हणजे दोन्ही संगणकांनी पाळावयाच्या नियमांचा, त्यांचा मसुदा १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसृत झाला. त्यातून पुढे एफटीपी ही पद्धती विकसित झाली. तिच्यात आज्ञा व उत्तरे यांसाठी एक जोडणी आणि प्रत्यक्ष माहितीसाठी दुसरी जोडणी वापरतात. प्रत्येक आज्ञेस दूरचा संगणक तीन अंकी उत्तर देतो : २ ने सुरू होणारे उत्तर यशाचे, तर ५ ने सुरू होणारे नकाराचे असते. फाइल मजकूर म्हणून पाठवावयाची की बिटांची अखंड मालिका म्हणून, हेही आधी सांगता येते. १९७० च्या दशकात आर्पानेटवरील इलेक्ट्रॉनिक टपालही एफटीपीच्याच आज्ञांनी पाठविले जाई. १९८२ मध्ये टपालासाठी स्वतंत्र नियम ठरले. जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्‌स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये सिद्ध केलेले एफटीपीचे रूप दीर्घकाळ प्रमाण राहिले. या पद्धतीत वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द तारेवरून उघड अक्षरांतच जात असे. जालावरील माणसे थोडी व बहुधा संशोधन क्षेत्रातील असल्याने यात कोणास मोठा धोका वाटला नाही.

दूरध्वनीवरून प्रेषण : आर्पानेटचे सदस्यत्व मोजक्याच संस्थांना मिळे. इतरांसाठी बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास युनिक्स प्रणालीकरिता यूयूसीपी ही आज्ञावली रचली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तिचा प्रसार झाला. हिच्यात साध्या दूरध्वनीवरून एक संगणक दुसऱ्यास ठराविक वेळी बोलावी आणि साठून राहिलेल्या फाइली पुढे ढकली. दर कमी असल्याने हे काम पुष्कळदा रात्री चाले. फाइल अनेक टप्पे ओलांडून जात असल्यामुळे मार्गातील प्रत्येक संगणकाचे नाव पत्त्यात उद्गारचिन्हाने जोडून लिहावे लागे.

भारतातही संगणकजालाचा आरंभ दूरध्वनीवरील जोडणीने झाला. इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हाती घेतलेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थांमध्ये प्रथम इलेक्ट्रॉनिक टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेशी जोडणी झाली, तेव्हा तिचा वेग दर सेकंदास ९,६०० बिट होता. या वेगाने १० लाख बाइटांची फाइल जाण्यास किमान सु. १४ मिनिटे लागत. मध्येच जोडणी तुटल्यास ती सामान्यतः पुन्हा आरंभापासून पाठवावी लागे.

विश्वासाचा भंग : बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत आरसीपी ही आज्ञा होती. एकाच संगणकात प्रत काढण्याच्या सीपी या आज्ञेसारखीच ती लिहावयाची. फक्त फाइलीच्या नावाआधी दूरच्या संगणकाचे नाव व अपूर्णविराम घालावयाचा. तिची सुलभता विश्वासाच्या एका यादीवर अवलंबून होती. यादीतील संगणकावरून मागणी आली, तर परवलीचा शब्द न विचारता ती मान्य केली जाई. अशा रचनेत एक संगणक परक्याच्या हाती गेला, की त्याच्यावर विश्वास ठेवणारे सर्व संगणक धोक्यात येत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या स्वयंप्रसारी आज्ञावलीने हे दाखवून दिले. इतर काही दोषांबरोबरच तिने या परस्परविश्वासाचाही उपयोग केला आणि हजारो संगणक ठप्प झाले.

त्यानंतरही उघड परवलीच्या शब्दांची प्रथा चालूच राहिली. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जालात परवलीचे शब्द टिपून घेणारी आज्ञावली आढळली. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच ही पद्धती तयार करून जुलैमध्ये विनामूल्य उपलब्ध केली. हिच्यात सर्व संभाषण कूटलिपीत चालते. दूरचा संगणक आपली ओळख गणिती किल्लीने पटवितो व वापरकर्त्यासही परवलीच्या शब्दाऐवजी तशीच किल्ली वापरता येते. तिला मिळालेला २२ हा द्वारक्रमांक एफटीपीचा २१ व दूरस्थ प्रवेशाच्या टेलनेट पद्धतीचा २३ यांच्या मधला आहे. आरसीपीच्या जागी तिच्याबरोबर एससीपी ही आज्ञा आली. आज्ञेची मांडणी तीच ठेवल्याने वापरकर्त्यांना नवे काही शिकावे लागले नाही. ओपनबीएसडी प्रकल्पाने डिसेंबर १९९९ मध्ये प्रसृत केलेल्या ओपनएसएसएच या मुक्त आवृत्तीमुळे ही आज्ञा सर्वत्र पोहोचली.

फरकाचे प्रेषण : ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी जून १९९६ मध्ये आरसिंक ही आज्ञावली जाहीर केली. दोन्हीकडे एकाच फाइलीच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्या असतील, तर संपूर्ण फाइल न पाठविता केवळ फरक पाठविणे हा तिचा हेतू होता. घेणारा संगणक आपल्या जुन्या फाइलीचे समान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यापासून गणिताने काढलेल्या दोन खूण-संख्या, एक झटपट निघणारी व दुसरी खात्रीची, पलीकडे पाठवितो. पाठविणारा संगणक आपली फाइल एकेक बाइट पुढे सरकत तपासतो व जुळणारे तुकडे वगळून उरलेलाच भाग पाठवितो. अशा रीतीने दोन्ही फाइली एकत्र न आणताही त्यांची तुलना साधते. मंद जोडण्यांवर ही मोठी सोय ठरली आणि संरक्षक प्रती व प्रतिरूप साठे राखण्यासाठी आरसिंकचा व्यापक वापर होऊ लागला.

आधुनिक काळ : जानेवारी २०१९ मध्ये एससीपीतील एक दोष जाहीर झाला. दूरच्या संगणकाने पाठविलेली फाइल मागितलेलीच आहे काय, याची एससीपी पुरेशी तपासणी करीत नव्हती. त्यामुळे दुष्ट हेतूचा संगणक वापरकर्त्याच्या इतर फाइलींवर लेखन करू शकत होता. हा दोष १९८३ च्या आरसीपीपासून चालत आलेला होता. तारेचे रक्षण करणारी कूटलिपी जोडली गेली होती, पण पलीकडील टोक प्रामाणिकच असणार हे जुने गृहीतक आत तसेच राहिले होते. एप्रिल २०२२ मध्ये प्रसृत झालेल्या ओपनएसएसएचच्या नवव्या आवृत्तीत एससीपी ही आज्ञा कायम ठेवून तिच्या आतील जुनी पद्धती बदलण्यात आली व एसएफटीपी ही पद्धती रूढ करण्यात आली. त्याआधी २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या जालदर्शकांनी एफटीपीचा आधार काढून टाकला होता.

तथापि विश्वासाचा प्रश्न पूर्णतः यंत्राच्या स्वाधीन झालेला नाही. अपरिचित संगणकाशी प्रथम जोडणी करताना एसएसएच त्याच्या किल्लीची खूण पडद्यावर दाखविते व पुढे जावे काय असे विचारते. ती खूण अन्य मार्गाने पडताळून पाहिली, तरच उत्तरास अर्थ असतो. न वाचता होकार दिल्यास बनावट संगणकाशीही कूटलिपीत संभाषण सुरू होऊ शकते. १९८३ मध्ये विश्वासाची यादी व्यवस्थापक एकदाच लिहून ठेवीत असे. आता तसा निर्णय प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी आज्ञा देणाऱ्यास स्वतः घ्यावा लागतो.