चिठ्ठी ते गूगल फॉर्म

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि भाषण ऐकायला जाण्याचा शिरस्ताच पडला. पुढे शाळा-कॉलेजांच्या वक्तृत्व स्पर्धाही रुळल्या. नावनोंदणीला प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र पुरायचं. खरी कसोटी उत्स्फूर्त फेरीची: चिठ्ठी उचलली की घोकंपट्टी उघडी पडायची!

२०२० मध्ये कोरोनाने सभागृहांना कुलपं लागली. मेक्सिकोची जागतिक शालेय वादविवाद स्पर्धा ऑनलाइन झाली, पुढच्या वर्षी कोरियाची विद्यापीठीय स्पर्धाही.

इकडे सहीशिक्क्याऐवजी गूगल फॉर्म, ओळखपत्राचा फोटो आणि भाषणाचा व्हिडिओ आला. पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवायचा, पंखा बंद करायचा, मग सुरुवात. चुकलं तर पुन्हा रेकॉर्ड करायचं. गोम तिथेच होती. विद्यापीठीय वादविवादात मात्र ही पळवाट नव्हती, कारण विषय जेमतेम १५ मिनिटं आधी हाती पडे.