बारी कुणाची?

माझं गाव मोडनिंब, तालुका माढा. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या या गावाचं नाव घेतलं की काही जण गालातल्या गालात हसतात, कारण इथलं संगीतबारीचं कला केंद्र त्यांच्या कानावर आलेलं असतं. हसून झालं असेल तर त्यातला 'बारी' हा शब्द बघू. बारी म्हणजे पाळी. थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि प्रत्येकीला स्टेजवर आपली बारी मिळते.

चॅट बॉटसाठी गाण्यांची प्लेलिस्ट सांभाळणारा कोड मी लिहितो, तेव्हा कामाचा गाभा हाच असतो. ग्रुपमधल्या कुणी गाण्याचं नाव टाइप केलं की बॉट ते रांगेच्या शेवटी लावतो. आधी आलेलं आधी वाजतं. पण एकाच पोराने तीस गाणी टाकली तर बाकीचे ताटकळतात. मग प्रत्येकाची वेगळी रांग करायची आणि दर फेरीत प्रत्येकाचं एकेक गाणं उचलायचं. म्हणजे बारीच लावायची.

संगीतबारीत स्टेजनंतर खासगी बैठक असते. तिथे फर्माईश चालते आणि ती दौलतजादावर हलते. पैसे टाकणाऱ्याचं गाणं आधी. कोडच्या भाषेत हा प्रायॉरिटी क्यू.

रेडिओने फर्माईश पोस्टकार्डावर आणली. 1952 मध्ये बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे आणि त्यांच्या काळात ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' गाजू लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारनेच विविध भारती सुरू केली. झुमरीतलैयासारखं लहान गाव केवळ फर्माईशींच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं. पत्र पाठवणाऱ्याचं नाव निवेदक वाचून दाखवायचे, आणि त्यासोबत गाणं कुणी गायलं, तेही सांगायचे.

बॉटमध्ये नेमकं हेच गळालं. डिस्कॉर्डवरचे ग्रूव्ही आणि रिदम हे बॉट आपल्यापैकी अनेकांनी वापरलेत. रिदम 2 कोटींहून अधिक सर्व्हरवर होता. रांग, स्किप, लूप, सगळं चोख. पण आवाज यूट्यूबवरून ओढलेला. आमच्या सेवेत फेरफार करून तिचा व्यावसायिक वापर होतोय, असं यूट्यूबने कळवलं. 30 ऑगस्ट 2021 ला ग्रूव्ही बंद झाला, 15 सप्टेंबरला रिदम.

तेव्हा चर्चा झाली ती मोठ्या कंपनीने छोट्यांना चिरडल्याची. मला त्या बॉटसारख्याच साध्या कोडमधली गाण्याची नोंद आठवते: शीर्षक, लांबी, लिंक आणि गाणं मागणाऱ्याचं नाव. मागणाऱ्यासाठी जागा आहे, गाणाऱ्यासाठी नाही. मग पैसे त्याच्यापर्यंत पोचणार कसे?

संगीतबारीत दौलतजादातला वाटा थिएटरमालकाला जातो, तिथला व्यवहार काही आदर्श नाही. पण पार्टी ओळखली जाते ती कलावंत बाईच्या नावाने, आणि पैसा तिच्यासमोर पडतो. ज्या जागेला आपण हसतो, तिथे गाणारी कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं.

नवा बॉट लिहिणार असाल तर रांग दहा मिनिटांत जमेल. आधी गायकाच्या नावाचा रकाना करा, आणि ज्याला पैसे जातात अशाच ठिकाणाहून गाणं घ्या. बारी लावणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं.